आधी सलाईन, मग पहार

ऑक्टोबर 1992. लातूर जिल्ह्यातल्या किल्लारी परिसरात ऑगस्टपासून हादरे बसताहेत. भूकंपाच्या तेव्हाच्या नकाशात मात्र हा पट्टा सर्वांत कमी धोक्याचा.

29 सप्टेंबर 1993, रात्र. अनंत चतुर्दशी. शेजारच्या उस्मानाबाद जिल्ह्यातल्या सास्तूर, होळी, राजेगाव, पेठसांगवीत गणपती बोळवून माणसं निजतात. डोक्यावर माळवद, म्हणजे लाकडांवर मातीचा जाड थर. भिंती दगडांच्या, मातीत रचलेल्या.

30 सप्टेंबर, पहाटे 3:56. 6.2 तीव्रतेचा भूकंप. माळवदं खाली येतात. लातूर-उस्मानाबादेत मिळून सुमारे 10 हजार माणसं जातात. जिवंत गाडलेल्यांच्या शरीरात इथून दुसरं घड्याळ सुरू होतं.

पहिला तास. मांडी दगडाखाली, तोंड मोकळं. असा माणूस बोलतो, पाणी मागतो.

चौथा तास. दबलेले स्नायू मरू लागलेत. त्यांतलं पोटॅशियम आणि मायोग्लोबिन हे प्रथिन तिथंच तुंबलंय. जो दगड जीव घेतोय, तोच या विषाचा बांधही झालाय.

सहावा तास. पहार लागते, दगड उचलला जातो. बांध फुटतो. पोटॅशियम हृदयापर्यंत पोचून ते बंद पाडू शकतं. मायोग्लोबिन मूत्रपिंडं निकामी करतं. “आत्ता तर बोलत होता,” घरचे म्हणतात.

हा धोका वैद्यकाला नवा नव्हता. 1941 साली लंडनच्या बॉम्बहल्ल्यांत डॉक्टर बायवॉटर्स यांनी तो नोंदवला होता. 1988च्या आर्मेनिया भूकंपात कित्येकांना डायलिसिस लागलं. उपाय एकच: दगड हलवण्याआधी मोकळ्या हाताच्या शिरेतून सलाईन. पोटॅशियम असलेलं रिंगर लॅक्टेट नको, साधं सलाईनच.

पुढचा तास, रुग्णालय. रक्तदाब उतरलेल्या माणसाच्या हातातल्या शिरा बसतात, सुईला सापडत नाहीत. मग मानेतली, गळपट्टीच्या हाडाखालची किंवा जांघेतली मोठी शीर. 1953 साली डॉक्टर सेल्डिंगर यांनी दिलेली रीत: सुई शिरेत, सुईतून तार, सुई बाहेर, तारेवरून नळी आत, मग तार बाहेर. मानेतून घालताना डोकं खाली ठेवतात, नाहीतर हवा शिरेत ओढली जाऊ शकते. हात निर्जंतुक नसतील, तर हीच नळी जंतूंना थेट रक्तात नेते.

ही नळी ढिगाऱ्यात बसवता येत नाही. तिथं हाताची शीर बसण्याआधी जाड सुई लावता येणारा माणूस हवा. प्रत्येक गावात असा एक जण तयार असला पाहिजे. जेसीबी पोचेपर्यंत शिरा थांबत नाहीत.