झिजण्यासाठीच बनवलेली वस्तू

ऑगस्ट १८८८. बर्था बेंझ आपल्या दोन मुलांना घेऊन, नवऱ्याने बनवलेल्या तीनचाकी मोटारीतून मानहाइमहून माहेरी, फोर्झहाइमला निघाल्या. अंतर सुमारे शंभर किलोमीटर. वाटेत उतारांवर लाकडी ब्रेक दाद देईनात, तेव्हा त्यांनी एका मोच्याकडून त्यांवर चामडे ठोकून घेतले. ब्रेकला लायनर बसला तो असा. झीज मोजायला मापपट्टीची गरज नव्हती. ब्रेक बाहेरच असल्याने ती डोळ्यांना दिसत होती.

ब्रेक म्हणजे गतिज ऊर्जेचे उष्णतेत रूपांतर करणारे साधन. १००० किलोग्रॅमची मोटार ताशी ७२ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला २० मीटर वेगाने जात असेल, तर ती थांबवताना २ लाख ज्यूल ऊर्जेची विल्हेवाट लावावी लागते. वेग दुप्पट झाला की हा आकडा चौपट. ही उष्णता सोसेल आणि चाकाऐवजी स्वतः झिजेल, असा पदार्थ हवा.

इंग्लंडमधील डर्बीशायरच्या डोंगराळ भागात हर्बर्ट फ्रूड यांनी गाडीवानांना उतारावर लाकडी ब्रेकला जुने बूट लावताना पाहिले आणि १८९७ मध्ये ब्रेकचे अस्तर बनवण्याचा उद्योग सुरू केला. (‘फेरोडो’ या नावात त्यांच्याच आडनावाची अक्षरे आहेत!) सुती अस्तर तापले की करपे. म्हणून १९०८ मध्ये त्यांनी अ‍ॅस्बेस्टॉस वापरले.

दरम्यान, १९०२ मध्ये लुई रेनो यांनी ड्रम ब्रेक आणला होता. ब्रेकचे शू ड्रमच्या आत गेले. चिखलापासून ते बरेच वाचले, पण झीजही नजरेआड गेली. लायनर किती उरला हे पाहायला ड्रम उतरवावा लागे, आणि आत साचलेली भुकटी मेकॅनिक हवेच्या झोताने उडवून देत. त्या भुकटीत अ‍ॅस्बेस्टॉसचे तंतू असत. प्रवाशांच्या सुरक्षेसाठी केलेली तपासणी तपासणाऱ्याच्याच फुफ्फुसांवर बेतू शकत होती. हे मला या इतिहासातले सर्वांत बोचरे प्रकरण वाटते. ब्रिटनने अ‍ॅस्बेस्टॉसवर पूर्ण बंदी घातली ती १९९९ मध्ये.

डिस्क ब्रेकचे पेटंट लँचेस्टर यांनी १९०२ मध्येच घेतले होते, पण त्याचा बोलबाला झाला १९५३ मध्ये, जॅग्वारने डिस्क ब्रेकच्या जोरावर ल माँची शर्यत जिंकली तेव्हा. आता पॅड पुन्हा नजरेच्या टप्प्यात आले. मात्र पॅडबरोबर डिस्कही झिजते, आणि तिची किमान जाडी बहुधा तिच्यावरच कोरलेली असते. नव्या डिस्कची जाडी आणि ही मर्यादा यांत अनेकदा दोनेक मिलिमीटरचाच फरक असतो. एवढी काटकसर कशाला? डिस्क पातळ झाली की वस्तुमान घटते, आणि तेवढ्याच उष्णतेने ती अधिक तापते. पॅडही पातळ असेल तर उष्णता ब्रेक ऑइलपर्यंत पोचते. ते उकळून वाफ झाली, की पेडल दाबल्यावर वाफच दबते. चाकावर जोर येत नाही.

मोजताना एक गफलत होते. पॅड डिस्कच्या अगदी कडेपर्यंत घासत नाही, त्यामुळे तिथे न झिजलेला काठ उरतो. व्हर्नियरचे जबडे या काठावर टेकले, तर झिजलेली डिस्क नव्यासारखी भासते. म्हणून मायक्रोमीटर, म्हणजे आपल्या प्रयोगशाळेतल्या स्क्रू गेजचाच थोरला भाऊ, काठाच्या आत नेऊन डिस्कभोवती अनेक ठिकाणी जाडी मोजतात. इथे सरासरी काढायची नसते. सर्वांत लहान माप धरायचे असते.