जाधव, अनिकेत

(13 जुलै 2000 – ). भारतीय व्यावसायिक फुटबॉलपटू. जन्म कोल्हापूर. मैदानाच्या कडेने वेगाने चढाई करणारा विंगर, प्रसंगी आघाडीवीर. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा अशा तालमींच्या संघांच्या फुटबॉल सामन्यांना शाहू स्टेडियम ओसंडून वाहते, त्या फुटबॉलवेड्या शहराचा हा खेळाडू. पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत तो घडला.

2017 मध्ये भारतात झालेल्या सतरा वर्षांखालील विश्वचषकासाठी त्याची निवड झाली. 6 ऑक्टोबरला दिल्लीत अमेरिकेविरुद्ध भारत 0-3 असा हरला. फिफाच्या विश्वचषकातील भारताचा हा पहिलाच सामना आणि त्यात अनिकेत सुरुवातीच्या अकरांत होता. गुणफलकापेक्षा हीच नोंद मोलाची. पुढच्याच महिन्यात आय-लीगमध्ये त्याच्या इंडियन ॲरोज संघाने चेन्नई सिटीला 3-0 असे नमवले. त्यांतील दोन गोल त्याचे.

नंतर तो जमशेदपूरकडून व 2021 पासून हैदराबादकडून इंडियन सुपर लीग खेळला. 20 मार्च 2022 रोजी गोव्यातील फातोर्डा येथे केरळ ब्लास्टर्सला पेनल्टी शूटआऊटमध्ये हरवून हैदराबादने विजेतेपद पटकावले, त्या संघात तो होता. पुढे ईस्ट बंगाल व ओडिशा या संघांकडूनही तो खेळला.