जेरूसलेमचा संकल्प आणि गोव्याची वाट

परोपकारार्थ स्वतःचे बेत बाजूस सारणे हा ख्रिस्ती साधनेतील एक मान्य आदर्श होय. तथापि व्यक्तीच्या या त्यागास संस्थेच्या नियमाचे रूप कसे प्राप्त झाले, हा प्रश्न इतिहासाचा आहे. फ्रान्सिस झेवियरच्या चरित्रात त्याचा उलगडा बऱ्याच अंशी होतो.

झेवियरचा जन्म १५०६ साली नाव्हार प्रांतातील एका सरदार घराण्यात झाला. पॅरिस विद्यापीठात शिक्षण पुरे करून तो तेथेच तत्त्वज्ञान शिकवू लागला होता. पांप्लोना येथील धर्मपीठात मानाचे पद मिळवावे, अशी त्याची आकांक्षा होती. इग्नेशियस लोयोलाच्या सहवासात ही आकांक्षा मावळली. १५ ऑगस्ट १५३४ रोजी माँमार्त्र येथे सात मित्रांनी दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि जेरूसलेमयात्रा यांची शपथ घेतली. वर्षभरात जहाज न मिळाल्यास पोपच्या स्वाधीन व्हावयाचे, अशी एक पुस्तीही त्यांनी शपथेस जोडली होती. १५३७ मध्ये व्हेनिस व तुर्क यांच्यात युद्ध जुंपले, समुद्रमार्ग बंद झाला आणि ही पुस्तीच अमलात आणावी लागली. १५३८ मध्ये मंडळी पोप तिसरा पॉल याच्यापुढे उभी राहिली.

म्हणजे गोव्याची वाट धरण्यापूर्वी झेवियरचे दोन बेत मोडले होते. एक त्याने आपण होऊन सोडला, दुसरा परिस्थितीने सोडावयास लावला. तिसरा प्रसंग १५४० सालचा. पोर्तुगालचा राजा तिसरा जॉन याने हिंदुस्थानासाठी धर्मोपदेशक मागितले असता रॉड्रिग्ज व बोबादिल्ला यांची निवड झाली होती. ऐन वेळी बोबादिल्ला आजारी पडला. रोममध्ये इग्नेशियसचे चिटणिशीचे काम पाहणारा झेवियर त्याच्या जागी एकदोन दिवसांतच निघाला. त्याची व इग्नेशियसची पुन्हा भेट झाली नाही. रॉड्रिग्जला राजाने लिस्बनमध्येच ठेवून घेतले. झेवियर मात्र ६ मे १५४२ रोजी गोव्यास उतरला.

तो निघाला तेव्हा येशूसंघास पोपची औपचारिक मान्यताही मिळालेली नव्हती. ती २७ सप्टेंबर १५४० रोजी मिळाली. पोप पाठवील तिकडे जाण्याची विशेष शपथ संघाच्या मूळ मसुद्यातच समाविष्ट होती. माँमार्त्र येथे केवळ पर्याय म्हणून मान्य केलेली गोष्ट अशा रीतीने संघाचे मुख्य लक्षण ठरली. आधी आचार व मागाहून नियम, असा हा क्रम लक्षणीय आहे.

पुढे मोत्यांच्या किनाऱ्यावरील परवा कोळ्यांत काम करीत असता १५४४ च्या आरंभी झेवियरने कोचीनहून युरोपास पत्र लिहिले. विद्येचा उपयोग केवळ पदप्राप्तीसाठी करणाऱ्या पॅरिसच्या विद्वानांविषयीची खंत त्यात आढळते. एके काळी तो स्वतःच त्या वाटेवर होता, हे ध्यानात घेतल्यास त्या खंतीचा अर्थ अधिक स्पष्ट होतो.

परंतु या त्यागाची दुसरी बाजू नजरेआड करून चालणार नाही. १५४६ मध्ये अंबोइनाहून पोर्तुगालच्या राजास लिहिलेल्या पत्रात, ख्रिस्ती म्हणवूनही यहुदी वा मुसलमानी आचार पाळणाऱ्यांच्या बंदोबस्तासाठी, गोव्यात इन्क्विझिशन स्थापण्याची मागणी झेवियरने केली. ते न्यायपीठ त्याच्या मृत्यूनंतर, १५६० मध्ये, स्थापन झाले. स्वतःची इच्छा दुसऱ्याच्या हिताकरिता सोडणारा मनुष्य त्या दुसऱ्याच्या इच्छेचाही आदर करतोच, असे नाही. कारण हित कशात आहे याचा निर्णय तो आपल्याकडेच ठेवतो. आत्मत्याग आणि सक्ती एकाच चरित्रात नांदू शकतात, हे सत्य केवळ गुणगान करणाऱ्यांच्या व केवळ निंदा करणाऱ्यांच्या लिखाणात सारखेच हरवते.

३ डिसेंबर १५५२ रोजी चीनच्या किनाऱ्याजवळील सांचियान बेटावर झेवियर मरण पावला. चीनमध्ये प्रवेश करण्याचा त्याचा बेत अपुराच राहिला. जून १५५३ मध्ये इग्नेशियसने त्यास युरोपात परत बोलाविणारे पत्र धाडले. मृत्यूची वार्ता तोवर रोमला पोहोचली नव्हती. आज्ञापालनावर उभारलेल्या संघाची शेवटची आज्ञा तिच्या सर्वांत आज्ञाधारक सेवकापर्यंत पोहोचलीच नाही. एवढ्या अंतरावर आज्ञा पोहोचण्यास वर्षे लागत. म्हणून जाण्याचा निर्णय दुसऱ्याचा असला, तरी गेल्यानंतरचे बहुतेक निर्णय झेवियरचे स्वतःचेच होते. त्यांचे श्रेय आणि दायित्व, दोन्ही त्याच्याच पदरी घालावे लागते.