उठले आणि निघाले

'अचानक सहल' हा शब्द आम्हां बँकवाल्यांच्या कोशात नाही. आमच्याकडे माणूस अचानक आजारी पडू शकतो, पण अचानक रजेवर जाऊ शकत नाही. अर्ज, अर्जावर शेरा, शेऱ्यावर सही. आणि सही करणारा साहेब नेमका स्वतःच रजेवर! त्यामुळे थिओडोर रूझवेल्ट या गृहस्थाचा मला फार दिवस हेवा वाटे. अमेरिकेचा अध्यक्ष असून १९०३ च्या मे महिन्यात हा माणूस कॅलिफोर्नियातल्या योसेमिटीच्या रानात गेला आणि जॉन म्यूर नावाच्या दाढीवाल्या निसर्गवेड्याबरोबर तीन रात्री उघड्यावर झोपला. खाली दरीत मंडळींनी मेजवानीचा थाट मांडला होता, त्याला साहेबांनी चक्क पाठ दाखवली. एका रात्री बर्फ पडलं. सकाळी बघतात तो पांघरुणावर बर्फाचा थर, आणि अध्यक्षमहाशय खूश! इथं आमच्या ऑफिसात पंखा तीनवर केला तरी मी शिंकतो.

पण बी.कॉम. झालेला माणूस हिशेब तपासल्याशिवाय कुणाचं कौतुक करत नाही. तपासल्यावर कळलं, की रूझवेल्टसाहेबांनी म्यूरना मार्चमध्येच पत्र घातलं होतं. म्हणजे अर्ज होता, शेरा होता. सही तेवढी स्वतःचीच होती.

योसेमिटीला खरोखर 'उठले आणि निघाले' असा माणूस पाहायचा तर मोटारीपर्यंत यावं लागतं. तोवर तिथं जायचं म्हणजे आधी घोडागाडी, १९०७ पासून दरीच्या तोंडापर्यंत आगगाडी आणि पुढे पुन्हा गाडी. सगळा कारभार वेळापत्रकाचा. पहिली मोटार दरीत शिरली १९०० साली. घोडे बुजले, धूळ उडाली, आणि १९०७ मध्ये मोटारींना बंदी झाली. ती उठवावी का यावर १९१२ साली खुद्द योसेमिटीत परिषद भरली. तिथं ब्रिटिश राजदूत जेम्स ब्राइस यांनी बजावलं, की मोटारीला आत घेणं म्हणजे नंदनवनात सापाला बिऱ्हाड देण्यासारखं आहे. सगळ्यांनी ऐकून घेतलं आणि पुढच्याच वर्षी मोटारी आत सोडल्या. (परिषदा सर्वत्र सारख्याच!) मग काय, तंबू, तवा, पोरं आणि कुत्रं मागच्या सीटवर कोंबून मंडळी निघाली. १९२६ मध्ये बारमाही रस्ता झाला. १९५४ साली वर्षाकाठी दहा लाख माणसं आली, २०१६ साली पन्नास लाख. आता मुक्कामाच्या जागा कित्येक महिने आधी काही मिनिटांत संपतात. हाफ डोम या प्रचंड सुळक्यावर चढायचं तर २०१० पासून परवाना लागतो आणि तो सोडतीत निघतो. म्हणजे डोंगर चढायला पायांपेक्षा नशीब मजबूत हवं.

अशा काळात कॅलिफोर्नियातला माझा भाचा एका शुक्रवारी म्हणाला, "मामा, उद्या पहाटे योसेमिटीला निघू. मित्राचा कॅम्पर रिकामाच आहे." कॅम्पर म्हणजे चाकांवरची चाळीतली खोली. ओटा, पलंग, मोरी सगळं आहे. फक्त एकानं हललं की बाकीच्यांनी उभं राहायचं. "आणि आरक्षण?" मी विचारलं. "बघतोय ना!" तो रात्री अकरापर्यंत फोनवर बोट घासत होता. शेवटी ओरडला, "मिळाली! कुणीतरी रद्द केली!" आमचं 'अचानक' हे असं दुसऱ्या कुणाच्या तरी फिसकटलेल्या बेतावर उभं होतं. मला वाईट वाटलं नाही. फक्त सवयीनं प्रश्न पडला, की ही जागा त्याच्याही आधी कुणाच्या खात्यावर होती?

दुसऱ्या दिवशी व्हर्नल धबधब्याच्या सहाशेहून जास्त पायऱ्या चढताना (सिंहगडाला निदान वर पिठलं-भाकरी असते, इथं नुसतं अंगावर पाणी) मी भाच्याला हेच विचारत होतो. दम लागल्यामुळे तो उत्तर देईना. उत्तर मला खाली, संग्रहालयाच्या बाजूला मिळालं.

ते खातं अवानीची लोकांचं होतं. दरीला ते अवानी म्हणत. 'योसेमिटी' हे त्यांच्या शेजाऱ्यांनी त्यांना ठेवलेलं नाव, अर्थ 'मारेकरी'. सोन्यासाठी आलेल्यांशी खटके उडाले, आणि १८५१ साली मारिपोसा बटालियन दरीत घुसली. तिनं ओकफळांची कोठारं जाळली आणि माणसांना हुसकलं. टोळीप्रमुख टेनाया याचा धाकटा मुलगा त्यात गोळीला बळी पडला. मग बटालियनमधल्या बनेल नावाच्या माणसानं टेनायाला सांगितलं, की इथल्या तळ्याला आम्ही तुझं नाव देतोय. म्हातारा म्हणाला, त्याला नाव आहे, पायविॲक. तळं आजही नकाशावर टेनायाच्याच नावानं आहे. मालकाला बाहेर काढून दारावर त्याच्या नावाची पाटी लावायची ही पद्धत मला नवीन होती.

चार वर्षांनी, १८५५ मध्ये, जेम्स हचिंग्ज हा पहिली प्रवासी टोळी घेऊन आला. बटालियनवाल्यांना वाट आठवेना, तेव्हा त्यानं वाटाडे कोण नेमले? दोन इंडियन! १८६४ साली लिंकननं सही करून दरी लोकांच्या उपभोगासाठी राखून ठेवली. 'लोक' या शब्दाची व्याख्या मात्र कायद्यात देत नसावेत.

तरी काहीजण परतले, राहिले, हॉटेलांत आणि उद्यानात कामाला लागले. सरकारनं त्यांना लहान लहान घरं बांधून दिली. मग १९५० च्या दशकात नियम आला: उद्यानाची कायम नोकरी असेल त्यानंच राहायचं. हा नियम मला समजावून सांगावा लागला नाही. आमच्या बँकेच्या क्वार्टर्सना तोच आहे. निवृत्तीच्या दिवशी नारळ, शाल आणि 'खोली कधी सोडताय?' पण आमचे शिंदे रिटायर झाले की सातारला आपल्या गावी जातात. यांचं गाव हेच! घरं एकेक रिकामी झाली की पाडत गेले, आणि १९६९ मध्ये उरलीसुरली आग विझवण्याच्या सरावासाठी पेटवून दिली. तिथं राहणारे शेवटचे अवानीची गृहस्थ १९९६ मध्ये उद्यानातल्या नोकरीतून निवृत्त झाले आणि नियमाप्रमाणे दरी सोडून गेले.

दरीत खडकाला खोल वाटोळे खड्डे पडलेले आहेत. ती उखळं. बायका तिथं बसून ओकफळं कुटत. मी एकात हात घालून पाहिला, मनगटापर्यंत गेला. आमच्या आजीच्या घरी असं एक होतं. ते व्हायला किती वर्षांचं कांडण लागतं हे ती सांगायची.

२०१८ साली मात्र एक करार झाला. जुन्या वस्तीची जागा, तिचं नाव वहोगा, तिथं आपलं गोल सभाघर आणि घरं पुन्हा उभारायला त्यांच्या वंशजांना परवानगी मिळाली. राहायला नव्हे, सणासमारंभाला, जमायला. करारावर एका बाजूला उद्यानाची सही आहे, दुसऱ्या बाजूला त्यांची. मुदत तीस वर्षं.