फोटोतल्या बाईचा रुबाब

जुने फोटो बघणं हे एक सभ्य व्यसन आहे. रस्त्यातल्या बाईकडे मिनिटभर टक लावून बघितलं तर लोक चार शब्द ऐकवतात. तीच बाई शंभर वर्षांपूर्वीच्या फोटोत असली, की आपण इतिहासाचे अभ्यासक ठरतो! आमच्या घरी मात्र ही सवलत नाही. मी अल्बम उघडला, की स्वयंपाकघरातून आवाज येतो, "इतिहास संपला असेल तर दळण आणा."

पण खरं सांगतो, त्या बायका बघतच राहाव्या अशा असतात. मागे पडद्यावर रंगवलेला राजवाडा, शेजारी एक गोल टेबल, टेबलावर फुलदाणी. महाराष्ट्रातल्या यच्चयावत आज्या तरुणपणी एकाच राजवाड्यात राहत होत्या की काय, अशी शंका यावी! नवराबायकोचा फोटो असला तर नवरा खुर्चीत आणि बाई शेजारी उभी. पण नजर त्या उभ्या बाईवरच जाते. फुग्याच्या बाह्यांचं पोलकं, खांद्यावर ब्रोच, मनगटावर घड्याळ आणि हातात पुस्तक. पुस्तक कुठलं ते दिसत नाही, पण त्याला महत्त्व नाही. 'मला वाचता येतं' एवढं जगाला कळलं की पुस्तकाचं काम झालं.

ही मंडळी हसत का नाहीत, असं हल्लीची मुलं विचारतात. अरे बाबांनो, छायाचित्रकला १८३९ मध्ये जगापुढे आली, तेव्हा एका फोटोला इतका वेळ लागे, की मान हलू नये म्हणून मागून लोखंडी आधार लावत. मानेला लोखंड लावून हसून दाखवा बघू! पुढे कॅमेरा झटपट झाला, तरी गंभीर चेहऱ्याचा रिवाज बरीच वर्षं टिकला. फोटो ही गंमत नव्हती, तो दस्तऐवज होता.

आनंदीबाई जोशींचा फिलाडेल्फियातला १८८५ चा फोटो आठवा. शेजारी जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या साबात इस्लामबुली. तिघीही डॉक्टरकी शिकणाऱ्या आणि तिघीही आपापल्या देशाच्या पोशाखात. आनंदीबाई विशीच्या होत्या. परदेशी जाते म्हणून इकडे बोलणी खाल्लेली, आणि तिकडे थंडीत साडी. दोन्ही बाजूंना एका साडीने दिलेलं उत्तर आहे ते! मार्च १८८६ मध्ये त्या डॉक्टर झाल्या आणि फेब्रुवारी १८८७ मध्ये पुण्यात गेल्या. वयाची बावीस वर्षंही पुरी नव्हती. फोटोतल्या त्या ताठ मानेला यातलं काहीच ठाऊक नाही, म्हणून तो फोटो पटकन मिटवत नाही.

दुसऱ्या टोकाला बडोद्याच्या इंदिराराजे. सयाजीराव गायकवाडांची ही मुलगी १८९२ ची. ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांशी ठरलेलं लग्न त्यांनी स्वतः पत्र लिहून मोडलं. राजकन्येच्या पत्राचा अर्थ काय, अशी ग्वाल्हेरहून तार आली, तेव्हा कुठे आईवडिलांना बातमी कळली! १९१३ मध्ये त्यांनी कूचबिहारच्या जितेंद्र नारायणांशी लग्न केलं. १९२२ मध्ये ते वारले. तिशीची विधवा, पदरी पाच मुलं आणि धाकट्या राजाच्या नावाने चालवायचं संस्थान. अशा बाईने कोपऱ्यात बसावं ही जगाची अपेक्षा. बाईसाहेबांनी शिफॉनची साडी नेसली आणि ती देशभर नेसायला लावली, असं मानतात. इटलीच्या फेरागामोकडून हिरेमोत्यांचे बूटसुद्धा करून घेतले. त्यांचे फोटो बघताना शोक दिसत नाही, अधिकार दिसतो.

तेव्हा रुबाब साडीचा नव्हे, ब्रोचचाही नव्हे. हल्ली आपण फोनवर चाळीस फोटो काढतो आणि एकोणचाळीस पुसतो. त्या बाईला एकच काच मिळायची. जगाने मला असं बघावं, हे तिने घरून ठरवून यायचं. कित्येकींच्या आयुष्यात स्वतःबद्दलचा तेवढाच एक निर्णय त्यांच्या हाती असेल.

आणि एवढं करून, फोटोच्या मागे शाईने काय लिहिलेलं असतं? 'सौ. व श्री.' पुढे नवऱ्याचं नाव, आडनाव, गाव, तारीख. खुर्चीत बसलेल्याची इत्थंभूत माहिती! म्हणून विनंती एवढीच, की घरात कुणी नव्वदीचं माणूस असेल तर आजच फोटो दाखवून त्या उभ्या बाईचं नाव विचारा आणि मागे पेन्सिलीने लिहून ठेवा. माहेरचंही लिहा. राजवाडा कुणाचा होता, ते नंतर बघू.