रिकामी जागा कोणी भरायची : भोर-वेल्ह्यातील गावकारभाराचा इतिहास

गावकारभारातले एखादे पद रिकामे झाले तर ते कोणी भरायचे, या प्रश्नाचे उत्तर मावळात गेल्या साडेतीनशे वर्षांत अनेकदा बदलले. कधी तो हक्क घराण्याचा होता, कधी गोतसभेचा, कधी दरबाराचा, कधी कलेक्टरचा. मतदाराच्या हाती तो फार उशिरा आला, आणि आल्यावरही तो कायम त्याच्याच हाती राहिला असे नाही. पुणे-सातारा रस्त्यावर जिथे एकीकडे भोरचा आणि दुसरीकडे सासवडचा फाटा फुटतो, त्या कापूरहोळच्या आसपासची गावे या सगळ्या अवस्थांतून गेली आहेत.

कापूरहोळचे नाव इतिहासात येते ते तिथल्या गाडे पाटील घराण्यामुळे. संभाजी महाराजांचा जन्म 14 मे 1657 रोजी पुरंदरावर झाला आणि त्यांना दूध पाजणारी धाराऊ ही याच घराण्यातली. पाटील हा त्या काळी गावाचा मुख्य कारभारी. सारावसुली, लावणी, बंदोबस्त, तंट्यांची पहिली सुनावणी ही कामे त्याची. पण पाटीलकी हे वतन होते आणि वतन ही मालमत्ता होती. त्यामुळे पाटील वारला तरी पद रिकामे होत नसे. त्याच दिवशी ते वारसाकडे गेलेले असे. वारस अज्ञान असला तर मुतालिक कारभार पाही. मुलगा नसला तर दत्तक घेतला जाई, त्याला दरबाराची मंजुरी लागे आणि मंजुरीसाठी नजराणा भरावा लागे. भाऊ वेगळे झाले की पाटीलकीच्याही तक्षिमा पडत, आणि मग होळीची पोळी कोणाची, पोळ्याला पहिला बैल कोणाचा, कागदावर नांगराची निशाणी आधी कोणी करायची, यावरून पिढ्यान्‌पिढ्या भांडणे चालत. आज हे तंटे क्षुल्लक वाटतात. त्या काळी मात्र मान आणि अधिकार वेगळे नव्हते, आणि पहिला मान सोडणे म्हणजे हक्कावर पाणी सोडणे होते.

खरोखर रिकामी जागा होई ती वंश खुंटल्यावर किंवा घर परागंदा झाल्यावर. अशा कुळाच्या जमिनीला गतकुळ म्हणत आणि ती पुन्हा लावणीस आणण्याची जबाबदारी गावावर पडे. वतनावर दोघांनी दावा सांगितला तर गोतसभा बसे. तिच्यात आसपासचे पाटील, देशमुख-देशपांडे आणि गावचे बलुतेदारही असत. साक्षी होत, प्रसंगी दिव्य होई, आणि निवाड्याचा महजर तयार होई. लिहिता न येणारे आपापल्या धंद्याची निशाणी करत. या सभेत स्त्रियांना आणि गावकुसाबाहेरच्या वस्तीला बरोबरीचे स्थान नव्हते, म्हणून तिला आजच्या अर्थाने लोकशाही म्हणता येत नाही. तरी निवाडा उघड्यावर, गावासमोर आणि नावानिशी होई, हा तिचा गुण मान्य करावा लागतो. दुष्काळ, दंड किंवा थकलेला सारा यांपायी पाटीलकीचा हिस्सा विकल्याचीही कागदपत्रे आहेत. अशी विक्री रीतसर होई आणि तिला गोताची साक्ष लागे.

परगण्याच्या पातळीवरही हेच चित्र होते. रोहिड खोऱ्यात जेधे, हिरडस मावळात बांदल, गुंजण मावळात शिळीमकर असे देशमुख होते. 1659 मध्ये अफजलखान चालून आला तेव्हा कारीच्या कान्होजी जेध्यांनी वतनावर पाणी सोडून शिवाजी महाराजांची बाजू घेतली. वतन पणाला लावणे केवढी गोष्ट होती ते वरच्या व्यवस्थेवरून कळते. खुद्द महाराजांनी प्रधानांची पदे माणूस पाहून आणि रोख वेतनावर दिली, ती वंशपरंपरेने चालावीत असे त्यांच्या धोरणात नव्हते. पुढच्या दोन पिढ्यांत हे धोरण मोडले. राजाराम महाराजांच्या काळात सचिवपद मिळालेले शंकराजी नारायण आणि त्यांचे वंशज यांच्याकडे ते पद कायमचे राहिले, आणि त्यातूनच पंतसचिवांचे भोर संस्थान उभे राहिले. विचित्रगड, राजगड, प्रचंडगड, पवनमावळ आणि सुधागड असे त्याचे पाच तालुके होते. एका नेमणुकीच्या पदाचे राज्य झाले, याहून वतनपद्धतीच्या ताकदीचा मोठा दाखला मिळणे कठीण.

शेजारच्या ब्रिटिश मुलखात इंग्रजांनी वतने एकदम मोडली नाहीत, त्यांची नोंदवही केली. 1874 च्या मुंबई वंशपरंपरागत हुद्द्यांच्या कायद्याने, म्हणजे वतन कायद्याने, घराण्यातील प्रतिनिधी वतनदार ठरवले, त्यांच्या पाळ्या लावल्या, आणि वतनदार अज्ञान असला किंवा स्त्री असली तर बदली माणूस नेमण्याची सोय केली. दावा घराण्याचा, पण मंजुरी कलेक्टरची, अशी ही जोड होती. गोतसभेचे काम कचेरीत गेले ते याच काळात. गावापुढे होणारा निवाडा आता अर्ज, जबाब आणि अपील यांच्या फायलीत होऊ लागला.

मुदत ठरलेले सदस्यत्व ही कल्पना आली ती लोकल बोर्डांबरोबर. लॉर्ड रिपन यांचा स्थानिक स्वराज्याविषयीचा ठराव 18 मे 1882 चा. त्यानंतर 1884 च्या कायद्याने मुंबई इलाख्यात तालुका आणि जिल्हा लोकल बोर्डे झाली. काही सदस्य निवडलेले, काही सरकारने नेमलेले आणि अध्यक्ष सरकारी अधिकारी, अशी त्यांची घडण होती. मतदार थोडे होते, सारा भरणारे आणि मिळकतदार. तरी एक गोष्ट पहिल्यांदाच घडली. सदस्य वारला तर त्याच्या मुलाचा त्या खुर्चीवर काही हक्क नव्हता. गावकारभाराच्या इतिहासात ही केवढी उलथापालथ होती, हे तेव्हाच्या कारभाऱ्यांनाही पुरते उमगले असेल असे वाटत नाही. 1920 च्या ग्रामपंचायत कायद्याने निवडणूक गावापर्यंत आणली, पण तीही जुन्याशी तडजोड करूनच: मत प्रौढ पुरुषांनाच होते आणि गावचा पाटील पंचायतीचा पदसिद्ध सभासद होता. संस्थानी मुलखाला इलाख्याचे हे कायदे आपोआप लागू नव्हते. भोरसारख्या संस्थानात लोकांचा कारभारात किती वाटा असावा, हे शेवटी दरबारच्या मर्जीवर होते. औंधच्या पंतप्रतिनिधींनी 1939 मध्ये ग्रामपंचायतींवर आधारलेली राज्यघटना दिली, ती संस्थानांतली ठळक अपवादाची गोष्ट होय.

8 मार्च 1948 रोजी भोर संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले आणि भोर-वेल्ह्याचा मुलूख पुणे जिल्ह्यात आला. त्यानंतरच्या वीस वर्षांत वतनी कारभार पायरीपायरीने संपला. परगणा व कुलकर्णी वतने 1950 च्या कायद्याने गेली, कनिष्ठ गाववतने 1958 च्या कायद्याने. मुलकी पाटलाचे पद 1 जानेवारी 1963 पासून रद्द झाले. उरला पोलीस पाटील. त्याचेही पद 1967 च्या महाराष्ट्र ग्राम पोलीस कायद्याने वंशपरंपरेतून काढले. आता ही जागा रिकामी झाली की प्रांत कार्यालय जाहिरात काढते, त्याच गावच्या रहिवाशांकडून अर्ज येतात, लेखी आणि तोंडी परीक्षा होते आणि आरक्षणाप्रमाणे नेमणूक होते. जे पद घेण्यासाठी पूर्वी घराण्यात जन्मावे लागे, त्यासाठी आज गावातली कोणतीही पात्र मुलगी परीक्षेला बसू शकते. अनेक गावांत पोलीस पाटील स्त्रिया आहेत.

पंचायतीच्या बाजूने आजची चौकट मुख्यतः दोन कायद्यांची आहे : 1958 चा ग्रामपंचायत कायदा आणि वसंतराव नाईक समितीच्या अहवालानंतर आलेला 1961 चा जिल्हा परिषद व पंचायत समिती कायदा. दुसऱ्या कायद्याप्रमाणे 1 मे 1962 रोजी जिल्हा परिषदा सुरू झाल्या. ग्रामपंचायतीत लोकसंख्येप्रमाणे 7 ते 17 सदस्य असतात. डोंगरातल्या छोट्या पंचायतींत सातच असतात, त्यामुळे तिथे एक जागा रिकामी राहिली तरी कारभाराचा तोल जातो.

जागा रिकामी होण्याची कारणे कायद्यात दिलेली आहेत : मृत्यू, राजीनामा, अपात्रता, रजा न घेता सहा महिने सभांना गैरहजेरी, गैरवर्तनाबद्दल काढून टाकणे, आणि सरपंच-उपसरपंचांच्या बाबतीत अविश्वास ठराव. सदस्य राजीनामा सरपंचाकडे देतो, सरपंच पंचायत समितीच्या सभापतीकडे. गावात सर्वाधिक गाजते ती अपात्रता. पंचायतीचे बिल मिळूनही मुदतीत कर न भरणे, 12 सप्टेंबर 2001 नंतर दोनपेक्षा अधिक अपत्ये होणे, सरकारी जागेवर अतिक्रमण करणे, ही तिची नेहमीची कारणे. अतिक्रमण सदस्याने स्वतः केलेले नसले, तरी तो कुटुंबासह त्या घरात राहत असेल तर अपात्र ठरतो, असे सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये जानाबाई प्रकरणात सांगितले. राखीव जागेवर निवडून आलेल्याने जात वैधता प्रमाणपत्र मुदतीत दिले नाही तर निवडच रद्द धरली जाते. ही मुदत पूर्वी सहा महिने होती, पुढे ती वाढवून बारा महिने केली. खोटे दाखले रोखण्यासाठी हा नियम हवाच. पण पडताळणी समितीच्या दिरंगाईने खऱ्या उमेदवाराचेही पद जाऊ शकते, आणि तो दोष उमेदवाराच्या माथी मारणे अन्यायाचे आहे.

जागा रिकामी झाल्याची खबर तहसीलदारामार्फत जिल्हाधिकाऱ्यापर्यंत आणि तिथून राज्य निवडणूक आयोगापर्यंत जाते. 73 व्या घटनादुरुस्तीनंतर या निवडणुका आयोगाकडे आल्या. आयोग राज्यभरातल्या रिक्त जागांसाठी एकत्र कार्यक्रम लावतो. मग प्रभागाची मतदारयादी, सूचना, अर्ज, छाननी, माघार, चिन्हवाटप, मतदान आणि मोजणी अशी पूर्ण निवडणुकीची सारी कामे एका जागेसाठी तहसील कचेरीला करावी लागतात. निवडून आलेल्याला नवी पाच वर्षे मिळत नाहीत, आधीच्या सदस्याची उरलेली मुदतच मिळते. मुदत संपायला थोडेच महिने राहिले असतील तर पोटनिवडणूक घेत नाहीत. कित्येकदा अर्ज एकच येतो आणि जागा बिनविरोध भरते. पण कित्येकदा अर्ज येतच नाही. आरक्षण ज्या प्रवर्गाचे आहे त्या प्रवर्गातले पात्र माणूस प्रभागात नसते, किंवा असले तर कामधंद्यासाठी पुण्या-मुंबईत राहत असते. सह्याद्रीच्या कुशीतल्या विरळ वस्तीच्या गावांत अशी जागा मुदतभर रिकामी राहते, आणि पुढच्या पोटनिवडणुकीच्या यादीत पुन्हा दिसते. महामार्गालगतच्या गावांत याच्या उलट होते. तिथे जमिनीला भाव आहे, पंचायतीकडे पैसा आहे, आणि एका जागेसाठीही चुरस होते.

स्त्रियांसाठी आधी स्वीकृतीची वाट होती : निवडून आलेल्यांत स्त्री नसेल तर एखादी घ्यावी, असा तिचा रोख. पुणे जिल्ह्यातच, बारामती तालुक्यातल्या निंबुतला 1963 मध्ये संपूर्ण पंचायत स्त्रियांची झाली, तिचे अप्रूप दीर्घकाळ राहिले. 73 व्या दुरुस्तीने एक तृतीयांश आणि राज्याने 2011 मध्ये निम्मे आरक्षण दिल्यावर ही मेहेरबानी संपून हक्क आला.

सरपंच कोणी निवडायचा हेही अलीकडे तीनदा फिरले. 2017 मध्ये थेट गावातून निवड सुरू झाली, 2020 मध्ये ती पुन्हा सदस्यांकडे गेली, 2022 मध्ये परत गावाकडे आली. थेट निवडलेल्या सरपंचाला हटवायचे तर तीन चतुर्थांश सदस्यांच्या ठरावावर ग्रामसभेची गुप्त मतदानाने मान्यता लागते, आणि तसे घडल्यास रिकामी जागाही सगळ्या गावानेच भरायची असते. विकत घेण्याची जुनी ओढ मात्र अधूनमधून डोके वर काढते. 2021 च्या निवडणुकीआधी नाशिक जिल्ह्यातल्या उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातल्या खोंडामळी इथे सरपंचपदाच्या लिलावाच्या तक्रारी आल्या तेव्हा आयोगाने दोन्ही गावांची निवडणूक रद्द केली. पाटीलकीची विक्री निदान गोताच्या साक्षीने, कायदेशीर म्हणून होई. हा लिलाव मतदाराचा हक्क त्याच्या पाठीमागे विकणारा होता, आणि आयोगाने तो मोडला हे योग्यच झाले.

एका जागेपेक्षा मोठा पेच उभा राहतो तो सगळीच सभा रिकामी झाल्यावर. जिल्हा परिषदांच्या निवडणुका 1979 नंतर एकदम 1992 मध्ये झाल्या. मधली तेरा वर्षे लोकांनी मत दिले नाही. घटनादुरुस्तीने मुदत पाच वर्षांवर बांधली ती अशा अनुभवांमुळे. तरी 2020 मध्ये करोनामुळे निवडणुका लांबल्या, आणि मुदत संपलेल्या पंचायतींवर पालकमंत्र्यांच्या सल्ल्याने खासगी व्यक्तींना प्रशासक नेमण्याचा निर्णय सरकारने काढला. तो उच्च न्यायालयात गेला, आणि प्रत्यक्षात सरकारी कर्मचारीच नेमले गेले. त्या 14,234 ग्रामपंचायतींसाठी 15 जानेवारी 2021 ला मतदान झाले. त्याच वर्षी 4 मार्चला विकास गवळी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ओबीसी आरक्षणाची तेव्हाची पद्धत मर्यादित केली. वाशीम, अकोला, नागपूर, धुळे आणि नंदुरबार या जिल्ह्यांतल्या निवडून आलेल्या ओबीसी सदस्यांच्या जागा एका निकालाने रिकाम्या झाल्या आणि 5 ऑक्टोबर 2021 ला तिथे पोटनिवडणुका घ्याव्या लागल्या.

आरक्षण आणि प्रभागरचना यांच्या याच वादात पुणे जिल्हा परिषदेची मुदत मार्च 2022 मध्ये संपली, तिच्याबरोबर भोर आणि वेल्हे पंचायत समित्यांचीही. जिल्हा परिषदेत मुख्य कार्यकारी अधिकारी आणि पंचायत समितीत गटविकास अधिकारी प्रशासक झाले. परिणाम गावापर्यंत पोचला. सरपंचाने राजीनामा द्यायचा तर ज्या सभापतीकडे द्यायचा ते पदच लोकनियुक्त उरले नव्हते. ते अधिकार अधिकाऱ्याकडे गेले. रस्ता, शाळाखोली, दवाखाना यांची मागणी घेऊन गटाचा सदस्य गाठण्याची सोय तीन वर्षांहून अधिक काळ नव्हती, आणि अधिकारी कितीही कर्तबगार असला तरी ही उणीव त्याच्याने भरून निघत नाही, कारण तो पुढच्या निवडणुकीत गावापुढे उभा राहणार नसतो. 6 मे 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार आठवड्यांत अधिसूचना काढून चार महिन्यांत निवडणुका घ्याव्यात असा आदेश दिला, आणि ओबीसींच्या जागा 2022 च्या बांठिया आयोगाच्या अहवालापूर्वी होत्या तशा धरण्यास सांगितले.