दुखऱ्या नसेवर विजेचा उतारा

वीज म्हणजे काय हे कळण्याच्या कितीतरी आधीपासून माणूस तिने दुखणे शमवत आला आहे. रोमन वैद्य स्क्रिबोनिअस लार्गस याने इ. स. ४७ च्या सुमारास लिहिलेल्या औषधसंग्रहात तिची रीतसर कृतीच सापडते. गाऊटची कळ उठली की रोग्याने समुद्रकाठच्या ओल्या वाळूत उभे राहायचे, पायाखाली काळा टॉर्पेडो मासा जिवंत ठेवायचा आणि पाय गुडघ्यापर्यंत बधिर होईस्तोवर हलायचे नाही. टॉर्पेडो हा पाकटाच्या जातकुळीतला चपटा मासा; त्याच्या अंगातले खास अवयव विजेचे झटके देतात. जुनाट डोकेदुखीवरही लार्गसने हाच मासा सांगितला आहे. मात्रा किती, याचे उत्तरही त्याच्याकडे होते: बधिरपणा येईपर्यंत. हा झटका विजेचाच असतो, हे मात्र जॉन वॉल्शने १७७२ मध्ये फ्रान्सच्या ला रोशेल बंदरात प्रयोग करून दाखवले.

तोवर युरोपात वीज साठवणारी लायडनची बरणी आली होती आणि माशाची गरज उरली नव्हती. मेथडिस्ट पंथाचे प्रवर्तक जॉन वेस्ली यांनी १७६० मध्ये विजेच्या उपचारांवर पुस्तक लिहिले. एकोणिसाव्या शतकात मात्र विजेचे पट्टे सर्व रोगांवर रामबाण म्हणून विकले जाऊ लागले आणि डॉक्टरांचा या उपचारावरचा विश्वास उडाला. भोंदूगिरीने एका चांगल्या कल्पनेचे फार नुकसान केले.

तिला पुन्हा प्रतिष्ठा दिली ती रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी १९६५ मध्ये मांडलेल्या ‘द्वार’ सिद्धांताने. वेदना बारीक मज्जातंतूंतून येते, स्पर्श जाड तंतूंतून. जाड तंतू जागे झाले की मज्जारज्जूतले जणू एक दार मिटते आणि वेदनेचा निरोप मेंदूपर्यंत कमी पोचतो. मार लागल्यावर हात आपोआप ती जागा चोळू लागतो, ते याचमुळे. जाड तंतू सौम्य विजेनेही जागे होतात. वॉल आणि विल्यम स्वीट यांनी आधी स्वतःच्या नसांवर प्रयोग केला आणि मग आठ रुग्णांच्या नसांना सेकंदाला शंभर स्पंदने दिली. १९६७ च्या त्यांच्या निबंधानुसार, नसेचाच आजार असलेल्या चौघांना दोन मिनिटांच्या उपचाराने अर्ध्या तासाहून अधिक आराम पडला.

त्याच वर्षी अमेरिकेत नॉर्मन शीली यांनी कर्करोगाच्या रुग्णाच्या मज्जारज्जूवर विद्युताग्र बसवले. अशा शस्त्रक्रियेचा उपयोग कोणाला होईल, हे आधी त्वचेवरून करंट देऊन पाहत. काहींना तेवढ्यानेच बरे वाटू लागले आणि १९७० च्या दशकात ‘टेन्स’ हा स्वतंत्र उपचार झाला. फिजिओथेरपीच्या दवाखान्यात आज चिकटपट्ट्या लावून मुंग्या आणतात, तो हाच. मधुमेहाने पाय जळजळणारे आणि नागीण बरी होऊनही ठणका न गेलेले रुग्णही तो घेतात.

टेन्सने खराब झालेली नस दुरुस्त होत नाही. यंत्र बंद केल्यावर आराम बहुधा ओसरतो. नसेच्या दुखण्यावर त्याचा नक्की किती उपयोग होतो, हे २०१७ च्या कॉक्रेन आढाव्यालाही सांगता आले नाही, कारण झालेले अभ्यास लहान आणि सदोष होते. मज्जारज्जूच्या उपकरणाची बाजू अधिक भक्कम आहे: ब्रिटनच्या ‘नाइस’ संस्थेने २००८ मध्ये त्याला मान्यता दिली, पण दुखणे किमान सहा महिन्यांचे असेल आणि आधीच्या चाचणीत आराम पडला असेल तरच. पेसमेकर बसवलेल्यांनी हृदयरोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय टेन्सचे यंत्र लावून घेऊ नये.